बोरपिंपळ्याच्या मंडळीतला पायांचा तुटवडा

नम्रता हा एकट्याने करण्याचा गुण नव्हे. तिला समोर दुसरा माणूस लागतो, आणि शक्य असेल तर बघायला तिसराही. एकांतात नम्र होणारी माणसं जगात असतील, नाही असं नाही. पण त्यांची नोंद कुठे सापडत नाही, आणि नोंद नसलेल्या गोष्टीवर अहवाल लिहिता येत नाही.

हा अहवाल आहे. मी, यशया आढाव, बोरपिंपळे येथील मंडळीच्या पादप्रक्षालन उपसमितीचा चिटणीस. (मंडळी म्हणजे आमच्या चर्चची सभासद माणसं. पादप्रक्षालन म्हणजे पाय धुणे. 'पाय धुणे उपसमिती' असं नाव आधी सुचवलं होतं, पण त्यात भारदस्तपणा येईना.) राहुरीहून श्रीरामपूरला जाताना जिथे उजव्या हाताचा ऊस संपतो आणि क्रॉस दिसतो, ते आमचं बोरपिंपळे. गाव लहान आहे, पण नम्रतेच्या बाबतीत आम्ही तालुक्यात कुणाला हार जाणार नाही.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी होतो. पूर्वी तो फारच साधा होता. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, कमरेला टॉवेल बांधायचे, बारा जण खुर्च्यांवर बसायचे, साहेब वाकून एकेकाचे पाय धुवायचे, बायका डोळे पुसायच्या आणि मग चहा व्हायचा. आमच्या आजोबांपासून हे असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं. मग गेल्या वार्षिक सभेत निवृत्त मुख्याध्यापक सायमन पारखे सर उभे राहिले आणि त्यांनी एक मूलभूत प्रश्न विचारला.

"दर वर्षी एकट्या पाळकसाहेबांनीच का नम्र व्हायचं? आम्ही काय घोडं मारलंय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साठ वर्षांचा अन्याय एका वाक्यात उघडा पडला. ठराव एकमताने मंजूर झाला: यापुढे पाय धुण्याचा हक्क सर्व सभासदांना खुला राहील. धुणाऱ्यास 'प्रक्षालक' म्हणावं आणि ज्याचे पाय धुवायचे त्यास 'पायधारक'. दोन्ही पदं बारा-बारा. पाळकसाहेबांनी आनंदाने मान डोलावली. त्यांची कंबर बऱ्याच दिवसांपासून धरली होती.

प्रक्षालकपदासाठी एकशे त्रेचाळीस अर्ज आले. (पैकी सात अर्जदार हयात नव्हते; त्यांची शेवटची इच्छा म्हणून घरच्यांनी भरले होते. उपसमितीने ते सहानुभूतीपूर्वक बाजूला ठेवले.) अर्जात 'आपण किती नम्र आहात?' असा प्रश्न होता आणि उत्तराला दोन ओळींची जागा. बहुतेकांनी पुरवण्या जोडल्या. एकाने आपल्या नम्रतेचे पाच साक्षीदार दिले होते, त्यात एक निवृत्त फौजदार. दीना टीचरांनी तर लिहिलं होतं की मी इतकी नम्र आहे की हा अर्ज भरायचाही मला संकोच वाटतोय, आणि हे वाक्य लाल शाईने अधोरेखित केलं होतं.

पायधारकपदासाठी अर्ज आले शून्य.

आता यात लोकांची चूक नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. सरळ हिशेब आहे. वाकून पाय धुणारा नम्र ठरला, की खुर्चीत बसून पाय पुढे करणारा आपोआप गर्विष्ठ ठरतो. चारचौघांत गर्विष्ठ व्हायला कोण तयार होईल? सायमन सरांकडे विचारायला गेलो तर सर म्हणाले, "माझे पाय कुणी धुवावेत? छे छे! मी कोण लागून गेलोय?" हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या तीन घरांतून लोक बाहेर आले. मग त्या तिन्ही घरांनीही तेच उत्तर दिलं, कारण सरांपेक्षा कमी नम्र दिसणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. दोघांनी गुदगुल्या होतात असं वैद्यकीय कारण दिलं, ते ग्राह्य धरण्यात आलं. एका गृहस्थांनी होकार दिला होता, पण विचारलं तेव्हा ते झोपेत होते. जागे झाल्यावर त्यांनी दोन्ही पाय परत घेतले.

थोडक्यात, गावात माणशी दोन पाय असूनही विधीसाठी एक पाय मिळेना. असा तुटवडा आमच्या मंडळीने दुष्काळातही पाहिला नव्हता.

उपसमिती हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. सायमन सर अध्यक्ष, दीना टीचर सदस्य आणि मी, अशा आम्ही तिघांनी 'गोलाकार पद्धत' शोधून काढली. कल्पना सोपी होती. बारा प्रक्षालकांनी गोल करून बसायचं, प्रत्येकाने पुढच्याचा पाय धुवायचा आणि स्वतःचा पाय मागच्याकडे द्यायचा. म्हणजे सगळेच धुणारे, खुर्चीत कुणीच नाही, गर्वाचा प्रश्न मुळातून मिटला. रविवारी उपासनेनंतर आवारात चाचणी घेतली. पहिलं अर्धं मिनिट सगळं छान चाललं. मग चौथ्या क्रमांकाने तोल जाऊ नये म्हणून पाचव्याचा पाय घट्ट धरला, पाचव्याने सहाव्याची मान धरली, आणि बाराच्या बारा जण पराती, तांबे, साबण यांसह एकमेकांच्या अंगावर कोसळले. कुणाला गंभीर इजा झाली नाही. दीना टीचरांनी एक पाय अतिशय मनोभावे धुतला होता, तो त्यांचा स्वतःचाच निघाला.

आणि अशा ऐन अडचणीच्या वेळी उपसमितीकडे एक पायधारक स्वतःहून आली. एस्तेरबाई साळवे.

एस्तेरबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. बाई वयस्कर, एकट्या राहतात. दवाखान्यात आया होत्या, तिथे त्यांनी आयुष्यभर नवी जन्मलेली बाळं धुतली. आता गुडघे वाकत नाहीत आणि कंबर दाराच्या फळीसारखी ताठ झाली आहे. त्यामुळे स्वतःच्या पायांपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. पायांची नखं वाढून, वळून, बोटांत शिरलेली. चप्पल घालता येत नाही. नाताळनंतर बाई चर्चला आलेल्या नव्हत्या, कारण अनवाणी चालायचं तर आमच्याकडची वाट सकाळी काट्यांची आणि दुपारी तव्याची. त्यांनी निरोप धाडला की मला ईस्टरला माझ्या पायानं चालत येऊन प्रभुभोजन घ्यायचंय, आणि तुम्हाला पाय पाहिजेत असं ऐकलं, तर माझे घ्या.

आम्ही तिघे पाहणीला गेलो. बाईंनी उंबऱ्यात बसून पाय पुढे केले.

"धुतलं न्हाई तरी चालंल," त्या म्हणाल्या. "नुस्ती नखं कापा. लई टोचत्यात रं. रात-रात डोळा लागत न्हाई."

सायमन सर खाली वाकले. (लांबूनच.) मग आम्ही बाहेर लिंबाखाली उभं राहून विचारविनिमय केला आणि अर्ज पुढील कारणांसाठी नामंजूर केला. एक, अर्जदाराचे पाय अस्वच्छ आहेत. विधीत धुण्याआधी ते धुवून घ्यावे लागतील. दोन, नखं कापणे ही बाब विधीत बसत नाही. प्रभूने नखं कापल्याचा उल्लेख कुठेही नाही, हे दीना टीचरांनी छातीठोकपणे सांगितलं. तीन, आणि हे महत्त्वाचं, अर्जदाराला पाय धुवून घेण्याची खरोखरच गरज आहे. गरज असलेल्याचे पाय धुतले तर ती नम्रता राहत नाही, ते काम होतं. आणि काम करायला माणसं असतात.

हा तिसरा मुद्दा सरांनी मांडला तो मी जागच्या जागी वहीत उतरवून घेतला. छत्तीस वर्षांची शिक्षकी काही वाया गेली नव्हती.

घरी आल्यावर मी हे सगळं रूथला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सविस्तर सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती.

"अहो, तिघं तिथं उभे होता ना? मग कापून टाकायची होती नखं. पाच मिनिटांचं काम."

रूथ स्वभावाने चांगली आहे. पण संस्थेचं कामकाज तिला कळत नाही.

"मग तू का नाही कापत?" मी विचारलं.

"मी जाणारच होते," ती म्हणाली, "पण आता तुमची कमिटी आहे म्हटल्यावर मध्ये कशाला तोंड घाला?" यावरून उपसमितीबद्दल जनमानसात केवढा आदर होता ते दिसून येतं.

पायांचा प्रश्न शेवटी चिठ्ठ्या टाकून सोडवला. चोवीस नावं काढायची. पहिली बारा प्रक्षालक, उरलेल्यांनी निमूटपणे खुर्चीत बसायचं. ज्यांच्या नशिबी खुर्ची आली त्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही असं म्हणतात. नातेवाईक भेटायला आले. एका बाईंनी भर सभेत विचारलं की आमच्या ह्यांनी असं काय पाप केलं. बाराव्या पायधारकाने तर गुरुवारच्या आदल्या दिवशी पुण्याचं तिकीट काढलं आणि मोबाईल बंद करून टाकला.

म्हणजे एक खुर्ची रिकामी राहिली. त्याच दुपारी शमशेर आपल्या टेम्पोतून मांडवाच्या खुर्च्या घेऊन आला. शमशेर पलीकडच्या आळीतला. लग्न असो, मयत असो, आमच्या मंडळीच्या खुर्च्या तोच वाहतो. उपसमितीची नजर त्याच्या पायांवर गेली. पाय स्वच्छ होते. नुसते स्वच्छ नव्हते, चकचकीत होते.

"आत्ताच नमाज पढून आलोय," तो म्हणाला. "दिवसातनं पाच येळा धुतो. का वो?"

सायमन सरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. असे तयार पाय आम्हाला उभ्या मंडळीत मिळाले नव्हते. ठरावात 'पायधारक सभासद असावा' अशी अट नाही, हे मी ताबडतोब तपासलं. आम्ही त्याला तिथेच बसवून रंगीत तालीम म्हणून तिघांनी तीनदा त्याचे पाय धुतले.

"अवो, झिजतील!" शमशेर ओरडला. पण माणूस भिडस्त. उद्या दहा मिनिटं बसतो, म्हणून कबूल झाला. बारावी खुर्ची त्याची, आणि तिच्यापुढचा बारावा प्रक्षालक, चिठ्ठीप्रमाणे, मी.

गुरुवारी संध्याकाळी चर्च खच्चून भरलं. बारा स्टीलच्या पराती, बारा तांबे, बारा पांढरेशुभ्र टॉवेल. प्रक्षालकांच्या गुडघ्यांखाली मऊ गाद्या होत्या. (नम्रतेत गुडघ्यांचे हाल होऊ नयेत, असा उपसमितीचा दृष्टिकोन होता.) पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. अकरा पायधारक माना खाली घालून बसले होते. त्यांचे पाय घरून धुवून, पुसून, पावडर लावून आले होते. समोर मोबाईल धरलेली माणसं तीन रांगांत. सायमन सरांनी व्हिडिओवाल्याला दोनदा सांगितलं की माझा चेहरा मुद्दाम घेऊ नका, डाव्या बाजूनेच घ्या.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. आणि शमशेर एस्तेरबाईंना दोन्ही हातांवर उचलून आत आला.

"ह्या वाटंत बसल्या हुत्या," तो धापा टाकत म्हणाला. "दुपारच्याच अनवानी निघाल्या हुत्या. निम्म्यात पाय भाजलं म्हणून बसल्या." मग त्याने बाईंना बाराव्या खुर्चीत ठेवलं आणि स्वतः मागे झाला. "माझं पाय आज चारदा धुवून झाल्यात. यांचं धुवा. खुर्ची माझीच हाय ना? मग मी दिली त्यांना."

एस्तेरबाईंचे पाय माझ्या परातीवर होते. धूळ, भेगा, टाचेला फोड, आणि ती नखं. बाई माझ्याकडे बघून हसल्या.

त्यानंतर जे घडलं ते आमच्या मंडळीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखं आहे. ज्या मानासाठी एकशे त्रेचाळीस जण भांडले होते, तो मान त्या क्षणी मी सोडून दिला. मी उठलो, टॉवेल सोडला आणि सायमन सरांना म्हणालो, "सर, आपण ज्येष्ठ. हा मान आपला." सर हेलावले. ते म्हणाले, "नाही, नाही. स्त्रीचे पाय स्त्रीने धुवावेत. टीचर, तुम्ही." टीचर म्हणाल्या, "माझ्यापेक्षा योग्य माणसं बसली आहेत." मग टॉवेल या हातातून त्या हातात गेला. बाकीच्या प्रक्षालकांनी तो सोडला, पहिल्या बाकाने सोडला, दुसऱ्या बाकाने न शिवताच सोडला. ज्याने त्याने दुसऱ्याला मोठं मानलं. असा त्याग मी उभ्या जन्मात पाहिला नाही. शेवटी टॉवेल पाळकसाहेबांपर्यंत पोचला. साहेब कमरेवर हात ठेवून अर्धे वाकले, तिथेच अडकले, आणि मग त्यांनी हा मान परमेश्वरालाच दिला. म्हणजे प्रार्थना सुरू केली.

प्रार्थना लांबली. एस्तेरबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग त्या खुर्चीतूनच बोलल्या.

"ए यशया! आढावाच्या पोरा! जल्मला तवा काय धुऊन आलतास व्हय रं? ह्या हातानं धुतलाय तुला. आन् ह्या सायमनला बी. लई घाण हुता सायमन." लोक खाली बघायला लागले. "ऱ्हाऊ द्या धुनं. नखं कापा यवढी. कुणाकडं नेलकटर हाय का?"

एवढ्या मोठ्या मंडळीत सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले. बायकांनी पर्स उघडून पाहिल्या. मोबाईल निघाले, चार्जर निघाले, इनोची पुडी निघाली. नेलकटर एकाकडेही निघालं नाही. उपसमितीने जागच्या जागी एस्तेरबाईंविषयी सहानुभूतीचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. बाईंनी डोळे पुसले, आणि ते आम्ही आभार समजलो. शमशेरने त्यांना पुन्हा उचललं आणि टेम्पोत घालून नेलं. जाताना तो "या अल्ला, कंबर गेली माझी" असं काहीतरी म्हणाला. मग चहा झाला.

ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे आवारात उभे होतो. एस्तेरबाई आल्या. काठी टेकत, पण चालत आल्या, आणि पायांत चपला होत्या! नव्या, निळ्या पट्ट्यांच्या. पायांची नखं कापलेली, टाचांना मलम. बाई कुणाकडे न बघता थेट पुढे गेल्या, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेतला, आणि परत येऊन पहिल्या बाकावर पाय पसरून बसल्या.

मंडळीत एकच खळबळ उडाली. परवानगीशिवाय सेवा झाली होती! उपसमितीने त्याच दिवशी चौकशी सुरू केली. एस्तेरबाई म्हणाल्या, "ज्यानं कापली त्यानं सांगू नका म्हनलंय. मी न्हाई सांगनार." मग मी मंडळीला आवाहन केलं की संबंधितांनी पुढे यावं. कुणीच पुढे आलं नाही.

पण संध्याकाळपासून माणसं एकेकटी माझ्या घरी यायला लागली. दार लोटून घ्यायची, आवाज खाली करायची आणि म्हणायची, "नाव कुठे नको हं, पण ते मीच." सायमन सर आले. दीना टीचर आल्या. दोघं नवराबायको वेगवेगळ्या वेळी आली आणि दोघांनीही सांगितलं की घरी कळू देऊ नका. पुण्याला पळालेल्या पायधारकाचा फोन आला. आठवडाभरात गुप्तपणे कबुली देणारे एकूण साठ जण झाले. चिटणीस या नात्याने मी त्यात पहिलं नाव माझं घातलं, म्हणजे एकसष्ट. रूथने ते वाचून माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला जेवण गेलं नाही.

शमशेरला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तो सभासद नाही. खुर्च्या परत न्यायला आला तेव्हा तो टेम्पोच्या किल्लीला लटकवलेलं नवंकोरं नेलकटर दगडावर घासत बसला होता. "धार गेली पार," एवढंच तो मला म्हणाला. "नखं हुती का खिळं! पन आता त्या सोता चढत्यात टेम्पोत. माझी कंबर वाचली." त्याच्या घरगुती अडचणींचा या चौकशीशी संबंध नसल्याने मी ते टिपून घेतलं नाही. चौकशी अनिर्णित म्हणून बंद करण्यात आली.

आता वाचकहो, आपल्याविषयी. वाचता वाचता आपल्या मनात येऊन गेलं असेल की काय ही माणसं, मी तिथे असतो तर पटकन कापून मोकळा झालो असतो. आलं ना? संकोच करू नका, इथे दार लोटलेलं आहे. आपलं नाव मी बासष्टावं घातलं आहे.

बाकीच्या एकसष्टांना मी पुढे एक किरकोळ प्रश्न विचारला होता, तो नियमाप्रमाणे आपल्यालाही विचारतो: नेलकटर कुठे आहे? सगळे म्हणाले, घरातच आहे कुठेतरी, बघून सांगतो. आपणही बघून या. आणि उठलाच आहात तर घरातल्या ज्या माणसाला आता वाकता येत नाही, त्याच्या पायांकडेही एकदा बघून या. घाई नाही. त्यांनी इतके दिवस काही म्हटलेलं नाही.